कोंबडी, सीताफळ आणि शिळं द्रावण

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासून आला आणि कर्करोग निघाला, की रिपोर्टवर तीन नोंदी हमखास असतात: ईआर, पीआर आणि हर-टू. बाई लांज्याची असो, गुहागरची असो की परळची, पुढचे उपचार बऱ्याच अंशी या तीन ओळींवर ठरतात. पहिल्या दोन ओळी हार्मोनच्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झेलणारे रिसेप्टर गाठीतल्या पेशींमध्ये आहेत का, हे त्या सांगतात. तिसरी ओळ ‘टायरोसिन कायनेज’ या प्रथिनांच्या घराण्यातली. रिपोर्टचा कागद दिसायला रूक्ष, पण त्याच्यामागच्या गोष्टी एकाहून एक भन्नाट आहेत.

आधी कोंबडी

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन रूस यांच्याकडे गाठ आलेली एक कोंबडी आली. रूस यांनी गाठ वाटली, अर्क इतका बारीक गाळला की त्यात एकही पेशी उरू नये, आणि तो दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी आल्या! १९११ साली हे छापून आलं. कर्करोग विषाणूमुळेही होऊ शकतो, हे तेव्हा कुणाला पटेना. नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, रूस ८७ वर्षांचे असताना.

खरी गंमत पुढे आहे. त्या वर्षीचं वैद्यकाचं नोबेल दोघांत विभागलेलं होतं. दुसरे मानकरी चार्ल्स हगिन्स. पुरुषी हार्मोनचा पुरवठा तोडला की प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो, हे त्यांनी १९४१ मध्ये दाखवलं होतं. एक कोंबडीवाला, एक हार्मोनवाला. रूस यांच्या विषाणूतलं ‘सार्क’ हे जनुक टायरोसिन कायनेज बनवतं, हे त्या समारंभात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे आजच्या रिपोर्टवरच्या दोन्ही बाजू त्या दिवशी स्टॉकहोममध्ये एकाच मंचावर होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळखसुद्धा झालेली नव्हती.

नवं द्रावण कोण बनवणार?

टायरोसिनचं हे गुपित उलगडलं १९७९ मध्ये, आणि तेही आळसामुळे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत टोनी हंटर फॉस्फेट चिकटलेल्या अमिनो आम्लांचे नमुने वेगळे करत होते. ताजं द्रावण बनवायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी आधीचंच वापरलं. शिळेपणाने त्याचा सामू १.९ वरून १.७ वर उतरला होता. तेवढ्या फरकाने एक ठिपका फुटून दोन झाले. ताज्या द्रावणात फॉस्फोथ्रिओनिन आणि फॉस्फोटायरोसिन एकमेकांना चिकटूनच धावले असते. अशा रीतीने प्रथिनातल्या टायरोसिनवरही फॉस्फेट बसतं, हे जगाला पहिल्यांदा कळलं.

हे फॉस्फेट बसवणारं प्रथिन म्हणजे टायरोसिन कायनेज. पेशीच्या दारावर निरोप आला की तो दवंडीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे आत केंद्रकापर्यंत पोचतो: ‘वाढा, दुभंगा.’ माणसाच्या जनुकसंचात पाचशेहून अधिक कायनेज आहेत, त्यातले टायरोसिनवाले फक्त नव्वद. संख्येने थोडे, पण कर्करोगाच्या औषधांच्या यादीत या घराण्याचा वाटा केवढा मोठा!

आणि हे काही परके शत्रू नव्हेत. कोंबडीच्या विषाणूतलं सार्क मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतून उचललेलं होतं, हे बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने १९७६ मध्ये दाखवलं. निरोगी पेशीला कायनेज लागतातच. बिघाड होतो तो निरोप थांबेनासा झाल्यावर.

सीताफळाकडून उंदराकडे

आता आपल्या घरचं नाव. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. एमएस्सीला त्यांनी अभ्यास केला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा! तिथून त्या मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली आल्या आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगाकडे वळल्या. १९४९ मध्ये पीएचडी. मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे, म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत ‘हेला’ पेशी पहिल्यांदा वाढल्या तिथेच, ऊतिसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तसली प्रयोगशाळा उभी केली.

त्यांनी काय शोधलं, हे इथे महत्त्वाचं. स्तनाच्या कर्करोगात अनुवंशिकता, हार्मोन आणि गाठ आणणारा विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे त्या तपासत होत्या. हार्मोन आणि विषाणू या ज्या दोन धाग्यांना जग वेगवेगळं धरून बसलं होतं, ते एका मराठी बाईच्या उंदरांच्या पिंजऱ्यात एकत्र मांडलेले होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्यावर पूर्ण धडा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यातल्या राजूर भागात आदिवासी बायकांच्या आरोग्यासाठी काम केलं.

फसलेली गोळी

टॅमॉक्सिफेन हे हार्मोनवाल्या स्तनकर्करोगाचं जगभर वापरलं गेलेलं औषध. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी ते बनवलं, तेव्हा हवं होतं गर्भनिरोधक. बायकांमध्ये परिणाम उलटा निघाला: बीजकोशातून बीज सुटायला मदतच होऊ लागली. गर्भनिरोधक म्हणून गोळी सपशेल नापास, पण इस्ट्रोजेनची जागा अडवण्यात पास.

हर-टू दार ठोठावतं

१९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही स्तनगाठींमध्ये हर-टू जनुकाच्या प्रती गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि अशा गाठी आक्रमक असतात. साधारण १५ ते २० टक्के स्तनकर्करोग या गटातले. त्यावरचं ट्रॅस्टुझुमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते पेशीच्या बाहेरून हर-टूला पकडतं. २००७ मध्ये आलेली लॅपॅटिनिबची गोळी मात्र आत शिरून कायनेजचीच कळ बंद करते.

मग हार्मोनचं औषध आणि कायनेजचं औषध वेगवेगळं दिलं तर भागतं का? नेहमी नाही. हर-टू जोरात असलेल्या पेशीत कायनेजचे निरोप थेट इस्ट्रोजेन रिसेप्टरलाच जाऊन चिथावतात, आणि टॅमॉक्सिफेनचा असर कमी पडतो. हार्मोन अडवलं तर गाठ कायनेजच्या वाटेने जाते, कायनेज अडवलं तर हार्मोनच्या. म्हणून २०१० मध्ये, पाळी गेलेल्या आणि पसरलेला आजार असलेल्या स्त्रियांसाठी, लॅपॅटिनिब आणि हार्मोनवरचं लेट्रोझोल एकत्र द्यायला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

खारघरचा शोध

टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने हजाराच्या आसपास स्त्रियांवर एक साधी चाचणी केली: शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन. २०११ मध्ये निकाल आला. सगळ्या स्त्रिया मिळून फार फरक नव्हता, पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या स्त्रियांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. एका स्वस्त इंजेक्शनने हे कसं झालं असेल? खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने पेशींमध्ये शोध घेतला. २०१८ च्या त्यांच्या निबंधात उत्तर सापडतं: प्रोजेस्टेरॉनमुळे ईजीएफआरसारखे कायनेज थंडावतात, आणि हे प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर नसलेल्या पेशींमध्येही घडतं. हार्मोन आणि कायनेज यांचं बोलणं चालू असतं, याचा पुरावा आपल्या खाडीपलीकडून आला!

दोन लाख ऐंशी हजार ते आठ हजार आठशे

सोराफेनिब स्तनासाठी नाही, मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगासाठी आहे, पण तेही टायरोसिन कायनेज अडवणारं. बायर कंपनीचं महिन्याचं औषध साधारण २,८०,००० रुपयांना होतं. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतून नॅटको या हैदराबादच्या कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला, देशातला पहिलाच. नॅटकोची किंमत तेव्हा होती ८,८००. मला विचाराल तर औषधशोधाइतकाच हा निर्णयही विज्ञानाच्या इतिहासात मोजायला हवा. दुकानात न परवडणारी गोळी गाठीपर्यंत पोचतच नाही.

हाताची तपासणी

गाठ लवकर सापडली तरच हे सगळं कामाचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्य सेविका फक्त हाताने स्तन तपासत होत्या, मॅमोग्राफी नाही. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षात पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. कोकणात सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय टाटाच्या ग्रामीण तपासणी कार्यक्रमाशी जोडलेलं आहे. रिपोर्ट हातात आला की एक गोष्ट बघा: हर-टूसमोर ‘२+’ असेल तर उत्तर अर्धवट आहे, ‘फिश’ नावाची पुढची चाचणी लागते. ‘३+’ म्हणजे हर-टू जोरात.

पपनस जपून

लॅपॅटिनिब रिकाम्या पोटी घ्यायची असते, कारण तुपकट जेवणासोबत घेतली तर रक्तात तिचं प्रमाण चौपटीच्या घरात जातं. नेरॅटिनिब, हर-टूवरचीच दुसरी गोळी, मात्र जेवणासोबत घ्यायची! आणि लॅपॅटिनिबसोबत ग्रेपफ्रूट चालत नाही. त्यातली रसायनं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ, आणि ती रसायनं पपनसातही असतात. गणपतीत कोकणच्या घराघरांत पपनस येतं. घरात कुणी अशी गोळी घेत असेल, तर त्यांच्या पानात फोड वाढण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.