श्वास रोखायचा नाही

अंदमानच्या सहा रात्रींच्या कुठल्याही सहलीचं वेळापत्रक काढा. सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, आणि मध्येच कुठेतरी एक ओळ : 'स्कूबा डायव्हिंग (ऐच्छिक)'. तिथे पोचल्यावर मराठी गटात दोन तट पडतात. 'एवढं लांब आलोय तर करूनच टाकू' म्हणणाऱ्यांचा एक, आणि 'आपल्याला कुठे पोहता येतं' म्हणून चपला सांभाळत काठावर बसणाऱ्यांचा दुसरा. पहिल्या तटाचं स्कूबा अर्ध्या तासात आटोपतं. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून असतो. खाली तोच नेतो, वर तोच आणतो, कॅमेऱ्याकडे बघायलाही तोच खुणावतो. त्यासाठी पोहता येण्याची खरंच गरज नसते. मजा येते, फोटोही झकास निघतात, पण शिकून काहीच होत नाही. आणि माझ्या मते या खेळातली निम्मी गंमत शिकण्यात आहे.

शिकायचं तर हॅवलॉकसारखी जागा आपल्या देशात शोधून सापडायची नाही. 2018 च्या अखेरीस बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, तरी बोटवाल्यांच्या तोंडी अजून जुनंच आहे. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, वेगवान बोटीने दोनेक तास लागतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो, पाणी कोमट आणि नितळ. 'ओपन वॉटर' हा प्राथमिक कोर्स तीन-चार दिवसांचा. प्रमाणपत्र पॅडी किंवा एसएसआय अशा आंतरराष्ट्रीय संस्थेचं मिळतं, ते जगभर चालतं आणि 18 मीटरपर्यंत खोल जाण्याची मुभा देतं. वयाची दहा वर्षं पूर्ण झालेली मुलंही हा कोर्स करू शकतात. इथे मात्र पोहता यावं लागतं. न थांबता 200 मीटर, शिवाय दहा मिनिटं नुसतं तरंगत राहायचं. वेग कुणी मोजत नाही. दमा, हृदयविकार, फिट्स यांची माहिती फॉर्मवर खरी लिहायची. 'काही नाही हो, थोडासा दमा आहे' हे वाक्य डॉक्टरला सांगा, समुद्राला सांगून उपयोग नाही.

पहिल्या तासाला जो नियम सांगतात तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही : श्वास कधीही रोखायचा नाही. घरी प्राणायाम करणाऱ्यांना हे विशेष जड जातं, कारण कुंभक अंगवळणी पडलेला असतो. नियमामागचं कारण साधं आहे. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा एक वातावरण दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसवर तिप्पट. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं, हा बॉइलचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. इथे तो स्वतःच्या छातीत लागू होतो. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा तशीच कोंडून कुणी वर आलं, तर ती दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. हे पोहण्याच्या तलावाच्या खोलीवरूनही घडू शकतं, कारण आकारमानात सगळ्यात मोठा फरक वरच्या थरातच पडतो. म्हणून तोंडातला रेग्युलेटर निघाला तरी तो परत मिळेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

कानांचंही तसंच. दोन-तीन मीटरलाच पडदा आत दाबला जाऊन दुखू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की हवा मधल्या कानात शिरते आणि दुखणं थांबतं. दुखायच्या आधीच, थोड्या थोड्या अंतरावर, हे करत राहायचं. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द, तिथे हुज्जत नाही.

बातम्यांमध्ये पाणबुड्याच्या पाठीवर हमखास 'ऑक्सिजन सिलिंडर' असतो. सिलिंडरमध्ये असते आपली नेहमीचीच हवा, गाळून दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरखाली अंगावर उलटतो, झटके येऊ शकतात. खरी करामत रेग्युलेटरची. 1943 साली झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंचांनी त्याला आजचं रूप दिलं. भोवतालच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा तो प्रत्येक श्वासाला देतो. त्याचा हिशेबही ऐका. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारने सुमारे 2,400 लिटर हवा मावते. वर मिनिटाला वीस लिटर घेणारा माणूस 18 मीटरवर छप्पन्न घेतो. थोडी हवा राखून ठेवली तर अर्ध्या-पाऊण तासात वर यायची वेळ. धास्तावलेला नवशिका याहून लवकर संपवतो. संथ श्वास घेणाऱ्याला माशांच्या सहवासात जास्त वेळ मिळतो.

बहुतेकांची गाडी अडते ती मास्कशी. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं, मग वरची कड दाबून धरून नाकाने फुंकर मारत ते बाहेर काढायचं. काहींना तो आख्खा काढून परत चढवणं जमता जमत नाही. नाकाला पाणी लागलं की मेंदू 'वर पळ' म्हणतो, आणि ते ऐकायचं नाही, एवढंच शिकायचं असतं. खुणांचीही सवय मोडावी लागते. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर जाऊया'. मस्त चाललंय म्हणून खुशीत अंगठा दाखवणाऱ्याला इन्स्ट्रक्टर मुकाट्याने वर घेऊन येतो.

शेवटी येतं तरंगणं. अंगातल्या जॅकेटमध्ये हवा भरून-सोडून तोल साधला की बाकी काम श्वास करतो. आत घेतला की शरीर किंचित उचललं जातं, सोडला की खाली बसतं. हे ज्याला जमलं त्याचे फिन्स प्रवाळावर आपटत नाहीत. गोल धोंड्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. 2010 साली समुद्र तापल्यामुळे अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. त्यावर रोज पर्यटकांच्या लाथा नकोत. अर्ध्या तासाच्या स्कूबावर माझा खरा राग आहे तो इथे.

वर येणं हळूच. मिनिटाला नऊ मीटरहून जास्त वेग नको, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत जादा नायट्रोजन विरघळलेला असतो. गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होतं ते अंगात व्हायला नको. विमानात दाब आणखी कमी असतो, त्यामुळे एका डाइव्हनंतर निदान 12 तास, लागोपाठच्या डाइव्हनंतर निदान 18 तास उड्डाण टाळायचं. बरेच डाइव्ह सेंटरवाले सरसकट 24 सांगतात, ते ऐकावं.

चार दिवस काढता येत नसतील तर थिअरी आणि तलावातला सराव घरी राहूनच उरका. बेटावर मग समुद्रातले चारच डाइव्ह उरतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही चौकशी करा. आणि सहल आधीच ठरलेली असेल तर आज एवढं करा : वेळापत्रकात स्कूबा परतीच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी टाकलेलं असेल, तर फोन करून ते सहलीच्या सुरुवातीला हलवून घ्या.