‘पारादेइसोस’ : एका फारसी शब्दाचा प्रवास

प्रेतसंस्काराच्या वेळी लूककृत शुभवर्तमानातील पश्चात्तापी चोराचा प्रसंग (२३:३९-४३) आपण वारंवार वाचतो. तेथील ‘सुखलोक’ हा शब्द ऐकून शोकाकुल कुटुंबीय विचारतात, “सुखलोक म्हणजे स्वर्गच ना?” उत्तर देण्यापूर्वी मूळ ग्रीक शब्द ‘पारादेइसोस’ पाहणे इष्ट आहे, कारण तो जन्माने ग्रीक नसून इराणी आहे.

अवेस्तेत त्याचे रूप ‘पइरिदएझ’ असे आढळते. ‘पइरि’ म्हणजे संस्कृतातील ‘परि’, सभोवार. ‘दएझ’ म्हणजे मातीची रचलेली भिंत. लिंपणे या अर्थाचा संस्कृत ‘दिह्’ धातू त्याचाच सगोत्र असून ऋग्वेदात ‘देही’ शब्द तटबंदीसाठी येतो. अर्थात् मूळ शब्दात ना सुख आहे, ना स्वर्ग. आहे ते केवळ कुंपण.

पुढे कुंपणाचे नाव आतील बागेस मिळाले. इ. स. पूर्व ४०१ मधील मोहिमेचा वृत्तांत लिहिताना झेनोफन या ग्रीक लेखकाने धाकट्या कोरेशाच्या वन्यपशूंनी भरलेल्या विस्तीर्ण उपवनास हाच शब्द लावला. इब्री शास्त्रात ‘पर्देस’ तीनदाच येतो (नहेम्या २:८, उपदेशक २:५, गीतरत्न ४:१३). तेथे राजाचे रान वा फळबाग एवढाच अर्थ आहे.

निर्णायक वळण दिले ते सप्तति भाषांतराने. उत्पत्ती २:८ मधील एदेन बागेसाठी ‘गान’ हा साधा इब्री शब्द आहे. भाषांतरकारांनी तेथे ‘पारादेइसोस’ योजिला. राजाचे उपवन देवाचे उपवन झाले, आणि पुढे यहुदी लिखाणात नीतिमानांचे विश्रामस्थान. हाच शब्द अरबीत ‘फिरदौस’ होऊन कुराणात दोनदा आला आणि त्या रूपाने पुन्हा फारसीत परतला.

नव्या करारातही तो तीनदाच येतो. पौल त्याचा उल्लेख तिसऱ्या स्वर्गासमवेत करितो (२ करिंथ. १२:२-४), प्रकटीकरणात (२:७) तेथे जीवनाचा वृक्ष आहे. आरंभी गमावलेली बाग अंती पुन्हा लाभते, हे त्याचे मर्म होय.

म्हणून कुटुंबीयांना ‘होय’ म्हणावे, परंतु तेथेच थांबू नये. प्रभूच्या उत्तरातील भर स्थळावर नसून ‘आज’ आणि ‘माझ्याबरोबर’ यांवर आहे.  येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, असे इब्री लोकांस पत्र सांगते (१३:१२). तेथेच, नगराच्या तटाबाहेर टाकून दिलेल्या एका अपराध्यास तटाआडच्या बागेचे वचन मिळाले. ज्या घरी मृताच्या आयुष्याविषयी लोक कुजबुजत असतात, त्या घरी हा अर्थ अवश्य सांगावा.