हेब्बाळचा पक्षी आणि परसातील खुराडे

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर आहे. डालग्याखाली कोंबडे झाकण्याची आपल्याकडील रीत किती जुनी आहे, याचीही ती साक्ष देते. दिवसभर परसात चरणाऱ्या आठ-दहा गावठी कोंबड्यांना रात्रीपुरते डालगे किंवा कुडाचे लहान खुराडे पुरत असे. पुढे पक्षी बदलला, संख्या वाढली. निवारा मात्र पुष्कळ ठिकाणी तसाच राहिला.

हा बदललेला पक्षी बंगळूरच्या हेब्बाळचा. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये स्थापन झाले. सध्या ते बीदर येथील पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. या महाविद्यालयातील कुक्कुटशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस परसातील पालनासाठी ‘गिरिराज’ हा रंगीत पक्षी विकसित केला. मांस आणि अंडी या दोन्हींसाठी उपयोगी असलेला हा पक्षी महाराष्ट्रातील खेड्यांतही चांगलाच रुजला. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते, तर गिरिराज चांगल्या व्यवस्थेत त्याच्या सुमारे दुप्पट देते. तिचे वजनही गावठी कोंबडीपेक्षा बरेच अधिक भरते. म्हणूनच तिला जागा आणि हवा दोन्ही अधिक लागतात. शिवाय बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील सौम्य हवा विदर्भातील वैशाखात किंवा कोकणातील आषाढात मिळत नाही; ती उणीव निवाऱ्यानेच भरून काढावी लागते.

हवा कशासाठी?

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उकाडा वाढला की ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे बाष्प बाहेर टाकून शरीर थंड राखते. बंद खुराड्यातील हवा आधीच दमट झालेली असेल, तर धापांचा उपयोग होत नाही. अशा वेळी एका दुपारीत पक्षी दगावू शकतात.

दुसरा धोका अमोनियाचा. ओल्या विष्ठेवर सूक्ष्मजीवांची क्रिया होऊन हा वायू तयार होतो आणि पक्ष्यांचे डोळे व श्वासनलिका चुरचुरवतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यामुळे श्वासाचा विकार जडला की तो शरीरात खोलवर पसरतो. ओलसर तुसात रक्ती हगवणीच्या जंतूंचीही वाढ होते. उभ्या माणसाला वास जाणवला नाही, म्हणजे खुराडे स्वच्छ आहे असे नव्हे. पहाटे दार उघडताच खाली वाकून, कोंबडीच्या उंचीवर श्वास घेऊन पाहावा. डोळे चुरचुरले, तर रात्रभर पक्ष्यांनी काय सोसले असेल ते कळते.

जागेचा हिशेब

दिवसा मोकळ्या चरणाऱ्या मोठ्या पक्ष्यालाही रात्रीच्या निवाऱ्यात सुमारे २ चौरस फूट जागा असावी. म्हणजे २० पक्ष्यांसाठी ८ फूट लांब व ५ फूट रुंद घर हवे. बसण्याच्या दांडीवर प्रत्येकी ८ ते ९ इंच, आणि पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक फूटभर लांबी-रुंदीची पेटी असावी. दाटी झाली की पक्षी एकमेकांची पिसे उपटतात, दुबळे पक्षी खाद्यापासून दूर ढकलले जातात आणि अंडी फुटतात.

घराची रचना

घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन लांब बाजूंनी थेट आत शिरत नाही. जमीन ओल धरणारी असल्यास घर दीड-दोन फूट उंचावर बांधावे. तळाशी फूटभर भिंत आणि वर बारीक जाळी असली, की वारा खेळतो आणि मुंगूस, रानमांजर बाहेर राहतात. छपराची वळचण तीन फूट पुढे काढावी. कोकणात पावसाच्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावावेत. पण थंडी-पावसातही पडद्याच्या वरची फूटभर जागा मोकळी ठेवावी. बोचरा वारा दांडीवरील पक्ष्यांच्या अंगावर येऊ नये, मात्र दमट हवा वरून बाहेर पडावी, हे त्यामागील सूत्र आहे. विदर्भ-मराठवाड्यात छपरावर गवत किंवा उसाचे पाचट अंथरल्यास पत्र्याची धग कमी होते.

जमिनीवर भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा तीन इंच पसरावा व आठवड्यातून दोनदा खालीवर करावा. मूठभर तूस दाबल्यावर त्याचा गोळा झाला, तर ओल वाढली असे समजून तो बदलावा. पाण्याचे भांडे सांडणार नाही असे ठेवले, तर निम्मी ओल तेथेच टळते.

कर्ज पक्ष्याचे आणि घराचेही

खेड्यात अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असतात. वही-पेन्सिल, औषध, एस.टी.चे भाडे अशा अडीअडचणी त्यातून भागतात. एका पावसाळ्यात कोंबड्या दगावल्या, तर ही मिळकत आटते आणि कर्जाचा हप्ता मागे उरतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ मध्ये पशुपालनाला लागू झाल्यापासून खाद्य व औषधांच्या चालू खर्चाला आधार मिळाला आहे. घराचा खर्च मात्र निराळा. त्यासाठी मुदत कर्जाचा विचार करावा लागतो. प्रस्ताव मांडताना हा खर्च आधी धरावा आणि घराच्या मापावरून पक्ष्यांची संख्या ठरवावी. ४० चौरस फुटांत ३५ पक्षी बसविण्याचा मोह महागात पडतो. पाहणीस जाणाऱ्या बँक अधिकाऱ्यांनीही पक्षी मोजण्यापूर्वी खुराड्यात वाकून एक श्वास घ्यावा.

शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या श्रमांनी चांगला पक्षी दिला. खाद्य विकत आणावे लागते, लस वेळेवर टोचून घ्यावी लागते. हवा तेवढी विनामूल्य आहे. तिला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट मात्र खुराडे बांधतानाच ठेवावी लागते.