पांढरा कोट पाहून भुलू नका

बाबांना अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुरू करायला सांगितले. वस्तीजवळ पांढऱ्या कोटातला एकजण भेटला. तो रोज तेल चोळून मशीन लावायचा. महिनाभरात साठवलेले पैसे संपले, हात तसाच राहिला. अर्धांगवायूनंतरचे पहिले तीन महिने सुधारणेसाठी फार मोलाचे असतात, हे आम्हाला उशिरा कळले. त्यातला एक आम्ही वाया घालवला.

म्हणून सांगावेसे वाटते. आधी पदवी पाहा. बी.पी.टीएच. किंवा बी.पी.टी. असावी. मसाजचा छोटा कोर्स म्हणजे पदवी नव्हे. मग नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषद स्थापन झाली आहे. तिच्या यादीत नाव आहे का, हे पडताळा. विचारायला संकोच करू नका. खरा जाणकार रागावत नाही.

चांगला फिजिओथेरपिस्ट आधी रुग्णाला तपासतो, डॉक्टरांचे कागद वाचतो, घरच्यांनाही व्यायाम शिकवतो. 'हमखास बरा करतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

पैशांची अडचण असेल तर मुंबईत के.ई.एम., शीव, नायर या महापालिकेच्या इस्पितळांत हा विभाग आहे. आम्हीही शेवटी अशाच एका इस्पितळाची पायरी चढलो.

बाबा आता भिंत धरून दारापर्यंत येतात. मूठ मात्र अजून पुरती उघडत नाही.