तटाला बगल देणारा चेंडू

हैदराबादला गेलेली आपल्याकडची मंडळी बेगम बाजारातून सुकामेवा नि पितळेची भांडी घेऊन परततात. मागच्या खेपेला मी मामांबरोबर तिथून गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात गेलो. १६५६ साली औरंगजेबाने स्वारी केल्यावर कुतुबशाहीने लगतची टेकडी तटात घेतली, तोच हा भाग. आज तिथे बुरुजांशेजारी गोल्फ खेळतात.

गोल्फ आपला खेळ नव्हे म्हणून पान उलटू नका. या खेळात ‘होल’ म्हणजे नुसती सव्वाचार इंचांची खळी नव्हे, तर पहिल्या फटक्यापासून खळीपर्यंतचा सारा टापू. त्यातले एक होल तर किल्ल्याच्याच नावाचे आहे. स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या मैदानावरचे पंधरावे होल म्हणजे ‘रेडान’. रेडान म्हणजे तटाचा पुढे आलेला कोन. क्रिमियाच्या युद्धात १८५५ साली सेवास्तोपोलच्या रेडानवरचे ब्रिटिशांचे हल्ले फसले होते.

या होलची हिरवळ तिरपी आहे. पुढे डावीकडे वाळूचा खोल खड्डा, आणि उतार मागे डावीकडे. निशाणावर सरळ मारला तर चेंडू खड्ड्यात पडतो, नाहीतर हिरवळीवर थांबतच नाही. शहाणा खेळाडू उजवीकडे टाकतो आणि उरलेले काम उतारावर सोपवतो. ज्याच्या हातात तेवढा जोर नाही, त्याने अलीकडेच थांबून दुसऱ्या फटक्यात हिरवळ गाठावी. तीन फटक्यांचे होल चारांत झाले तरी अब्रू जात नाही!

हे ऐकून मामा म्हणाले, “अरे, औरंगजेबाने तरी काय केलं? आठ महिने तोफा डागल्या, शेवटी १६८७ मध्ये दरवाजा फितुरीनेच उघडला ना!”

पण खरा प्रश्न पुढेच आहे. नया किल्ल्यात कुतुबशाही बागांचे अवशेष आहेत. ‘हत्तियाँ का झाड’ ही शेकडो वर्षांची गोरखचिंचही आहे. सावणूरची ‘दोड्ड हुणसे’ पाहिलेल्यांना तिची ओळख लगेच पटेल. इथे मैदान वाढवण्याला इतिहासप्रेमींनी हरकत घेतली, ती उगीच नव्हे. हिरवळीसाठी जमीन खणली, पाणी मुरवले की खालचा इतिहास कायमचा जातो.

रेडानचे मोठेपण कशात? जमिनीचा मूळ उतार ओळखून त्याचा उपयोग करण्यात. खेळ राहो, पण किल्ल्याच्या जमिनीलाही तोच मान मिळो.