चंबळेच्या काठी वाळूचा हिशेब

दिवाळी आटोपली, की एखाद्या तीर्थक्षेत्री जाऊन यावे, असा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. गेल्या कार्तिकात आम्ही भगवान नेमिनाथांच्या जन्मभूमीला, शौरीपूरला गेलो. आग्र्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर, बटेश्वरजवळ यमुनेच्या काठी हे क्षेत्र आहे. दर्शन झाल्यावर धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी सुचविले, "चंबळ इथून जवळच आहे. सकाळी होडीतून एक फेरी करा, मुलांना सुसरी दिसतील." अकरा वर्षांच्या नातवाला तेवढे निमित्त पुरेसे होते. मला मात्र चंबळ म्हटले की दरोडेखोरच आठवत.

दुसऱ्या दिवशी बाह गाव मागे पडले आणि मातीच्या कड्यांचे, घळींचे जाळे सुरू झाले. हेच ते प्रसिद्ध बीहड. ते उतरून घाटावर पोहोचलो, तेव्हा पाण्यावरचे धुके नुकते विरळ होत होते. शरदातील नदीचे जे वर्णन आपण वाचतो, ते डोळ्यांसमोर होते: पूर ओसरलेला, गाळ खाली बसलेला, काठाशी तळाची वाळू दिसावी इतके निर्मळ पाणी. आदल्याच दिवशी यमुनेचे काळवंडलेले पाणी पाहिले होते, म्हणून हा फरक अधिकच जाणवला.

महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावणारी ही नदी सुमारे ९६० किलोमीटर वाहत येऊन यमुनेला मिळते. कोटा शहर मागे टाकल्यावर तिच्या काठी मोठे शहर नाही. तिचे प्राचीन नाव चर्मण्वती. राजा रंतिदेवाच्या यज्ञांत मारलेल्या पशूंच्या चामड्यांवरून ते पडले, अशी आख्यायिका आहे. पशूंचा आक्रोश ऐकून लग्नाच्या दारातून रथ मागे फिरविणाऱ्या नेमिनाथांची जन्मभूमी अशा नदीपासून इतक्या जवळ असावी, याचे मला नवल वाटले.

नावाड्याने यंत्र बंद केले आणि होडी प्रवाहाबरोबर सोडून दिली. उजव्या हाताच्या वाळूवर पाच-सहा सुसरी ऊन खात पडल्या होत्या. थंडी सुरू झाली, की अंग तापविण्यासाठी त्या तासन्‌तास अशा पडून राहतात. जबडा लांब, काठीसारखा निमुळता. मासे पकडण्यापुरताच तो उपयोगी, त्यामुळे एवढ्या मोठ्या देहाचा हा प्राणी माणसाच्या वाटेला जात नाही. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा असतो, म्हणून हिंदीत त्याला घडियाल म्हणतात. थोड्या अंतरावर एक मगर होती, रुंद तोंडाची. नातवाने दोघींतला फरक वहीत चित्र काढून टिपला.

पुढे चक्रवाकांच्या जोड्या दिसल्या. हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब बेटावर चरत होते. एके ठिकाणी राखी रंगाची पाठ पाण्यावर आली, फुस्स असा श्वास ऐकू आला आणि ती दिसेनाशी झाली. ही गंगेतील डॉल्फिन, तिकडच्या भाषेत सूंस. परतताना चार पाणचिरे पाण्याला चोच लावून उडत गेले. या पक्ष्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते, आणि तिने तो पाणी चिरत मासा टिपतो.

चामड्यासाठी होणारी शिकार आणि मासेमारीची जाळी यांमुळे १९७०च्या दशकात देशात २०० हूनही कमी सुसरी उरल्या होत्या. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७५ मध्ये मगर-सुसर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, आणि १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांनी हे पात्र अभयारण्य म्हणून घोषित केले. अंडी उबवून, पिल्ले वाढवून नदीत सोडण्यात आली. आज जगातील सर्वाधिक सुसरी याच नदीत आहेत.

"मग आता भीती कशाची?" मी विचारले.

"रेतीची, बाबूजी," नावाडी म्हणाला. "रात्री ट्रॅक्टर येतात."

मार्च-एप्रिलमध्ये मादी उंच वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि उन्हाने तापलेली वाळूच ती उबविते. पाणचिरेही उघड्या वाळूवरच अंडी घालतात. वाळू गेली, की दोघांचेही घर गेले. अभयारण्यातून वाळू काढण्यास बंदी आहे, तरी चोरटा उपसा थांबलेला नाही.

त्यानंतर होडीत मी फारसे बोललो नाही. १९९०च्या दशकात कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. वाळू वाहणाऱ्या ट्रकांचे कर्जप्रस्ताव माझ्यापुढे येत. ट्रकची किंमत, कर्जदाराचा हिस्सा, जामीनदार, मासिक हप्ता, सारे मी काटेकोर तपाशी. हप्ते वेळेवर येत. एकही खाते थकले नाही, याचा मला अभिमान होता. नदी वर्षाला किती वाळू आणते आणि किती उपसली जाते, हा रकाना मात्र कोणत्याच अर्जात नव्हता, आणि तो नाही हे माझ्याही ध्यानात आले नाही. भांडवल खाऊन नफा दाखविणाऱ्या पेढीला मी कधी कर्ज दिले नसते. येथे नदीचे भांडवलच उचलले जात होते, आणि मी सही करीत होतो. लहानपणी वडिलांबरोबर ज्या वाळवंटात खेळलो, तेथे आज खड्डे आहेत. वाळू पाणी धरून ठेवते, ती गेल्यावर काठच्या विहिरीही खोल गेल्या.

घाटावर उतरताना नातवाने विचारले, "आजोबा, आपल्या घराची वाळू कुठली?"

घर मीच बांधले. स्वस्त पडली म्हणून विनापावतीची वाळू घेतली होती. ती कोणत्या नदीची, हे मी विचारले नव्हते. तसे त्याला सांगितले.

यंदा घरावर दुसरा मजला चढतो आहे. शक्य तेथे दगड दळून केलेली कृत्रिम वाळू वापरायची आणि नदीची वाळू घ्यावीच लागली, तर रॉयल्टीच्या पावतीशिवाय गाडी रिकामी करून घ्यायची नाही, असे मी कंत्राटदाराला बजावले. तो हसला. बांधकाम साहित्याचा व्यापार करणाऱ्या पुतण्याने वाढीव खर्चाचा आकडा मांडला. आकडा खरा होता. तो मान्य करूनही निर्णय बदलला नाही. पुतण्यानेही आपल्या दुकानात तोच नियम करावा, असे मी सुचविले आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही. पावत्या मात्र नातू जपून ठेवतो, सुसर-मगरीचे चित्र असलेल्या त्याच वहीत.