वकिलाला अर्धे दार बंद असलेली वकिली

महाराष्ट्रात वकिलाला दोन ठिकाणी कायदाच उंबरठ्यावर थांबवतो. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार नवरा-बायकोपैकी कोणालाही वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क सांगता येत नाही. न्यायाधीशाने परवानगी दिली तरच वकील उभा राहतो. दुसरे ठिकाण आदिवासींच्या जमिनीचे. बिगर-आदिवासींकडे गेलेली जमीन मूळ आदिवासी खातेदाराला परत देण्यासाठी राज्याने १९७४ मध्ये कायदा केला. त्याच्या कलम ९-अ ने जिल्हाधिकारी, आयुक्त आणि महसूल न्यायाधिकरण यांच्यासमोर वकिलांना मज्जावच केला. कुटुंबांची आणि आदिवासींची बाजू घेऊन वकिली करायची ठरवणाऱ्याला सुरुवातीलाच ही अडचण भेटते. या पेशाचे खरे काम कोर्टातल्या युक्तिवादापेक्षा त्याच्या आधी आणि नंतर जास्त का असते, हेही त्यावरून कळते.

पुणे जिल्ह्यात ही दोन्ही कामे शेजारी-शेजारी चालतात. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत महादेव कोळी आणि कातकरी वस्त्या आहेत. तिकडच्या एसटी गाड्या स्वारगेटला येतात. जिल्हा न्यायालय आणि कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून भुयारी मेट्रोने दोन स्थानके ओलांडली की जिल्हा न्यायालय येते. अंतर कमी झाले, पण डोंगराकडच्या माणसाचे काम या इमारतीत क्वचितच संपते. त्याला तहसील, प्रांत, वनविभाग आणि जात पडताळणी समिती असे बरेच उंबरठे झिजवावे लागतात, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी न्यायाधीश नसतोच.

कौटुंबिक न्यायालयामागचा विचार असा होता की संसाराचे भांडण फौजदारीसारखे लढू नये. कलम ९ न्यायालयावर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकते, समुपदेशक नेमण्याची सोय कायद्यातच आहे, आणि पक्षकाराने मागितले तर सुनावणी बंद दाराआड होते. प्रत्यक्षात मात्र पोटगीची रक्कम, मुलाचा ताबा, राहत्या घराचा हक्क, परदेशातल्या नोकरीचा पगार यांवर सामान्य माणसाला स्वतः बोलता येत नाही. लीला महादेव जोशी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने गुंतागुंतीच्या दाव्यात वकिलाला परवानगी द्यावी अशी भूमिका घेतली. आज परवानगीचा अर्ज आणि वकीलपत्र बहुधा एकाच दिवशी दाखल होतात. तरी कायद्याच्या रचनेचा परिणाम उरतोच. चांगला कौटुंबिक वकील उलटतपासणीइतकाच वेळ तडजोडीच्या अटी लिहिण्यात घालवतो: मुलाची शाळेची फी कोण भरणार, दिवाळीची सुट्टी कोणाकडे, आजी-आजोबांना भेट कधी. अटी नीट लिहिल्या नाहीत तर दोन वर्षांनी तेच कुटुंब अंमलबजावणीचा अर्ज घेऊन परत येते.

या न्यायालयाला भौगोलिक मर्यादाही आहे. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरासाठी ते स्थापन करणे कायद्याने राज्यावर बंधनकारक आहे. बाकी ठिकाणी ते सरकारच्या मर्जीवर. जिथे ते नाही तिथल्या बाईचा दावा नेहमीच्या न्यायालयात चालतो आणि तिथे समुपदेशकाची कौटुंबिक न्यायालयासारखी व्यवस्था मिळेलच असे नाही.

जमिनीच्या कायद्यातली बंदी जास्त कडक होती आणि तिच्यामागचे कारणही उघड होते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत करायची, असा तो कायदा. समोरचा सावकार किंवा बडा शेतकरी मोठा वकील लावणार आणि आदिवासीला तो परवडणार नाही. मग दोघांचाही वकील नको, असा हिशेब विधिमंडळाने केला. लिंगप्पा पोचन्ना विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८४ मध्ये हा कायदा वैध ठरवला, ९-अ सह. कोणत्याही न्यायाधिकरणापुढे वकिली करण्याचा हक्क देणारे अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३० तेव्हा लागूच झाले नव्हते. ते २०११ मध्ये लागू झाले. तेव्हाचा वाद आज वेगळ्या पायावर लढावा लागेल. हेतू चांगला असला तरी या बंदीत एक खोट दिसते. सावकाराला फेरफार, सातबारा आणि तलाठ्याचे दप्तर वकिलावाचूनही वाचता येते.

म्हणून आदिवासींच्या वकिलाचे कौशल्य कागद शोधण्यात दिसते. जमातीच्या दाखल्याचे प्रकरण त्याचा नमुना आहे. महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरूनच उभ्या राहिलेल्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी पडताळणी समिती आणि दक्षता पथकाची पद्धत घालून दिली. राज्याचा त्यावरचा कायदा पुढे आला. १९५० पूर्वीचा पुरावा सर्वांत वजनदार. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची जातीची नोंद, वंशावळ, जुना जन्म-मृत्यू उतारा. ज्या घरात पहिली पिढी आत्ता शाळेत गेली त्या घराकडे हे कुठून येणार? मग पथक चालीरीती, देव, लग्नविधी विचारते. या ‘आप्तभाव चाचणी’वर कितपत विसंबायचे, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांत मतभेद होते. २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे. शहरात वाढलेल्या मुलाला आजीचे सगळे विधी सांगता आले नाहीत, एवढ्यावरून त्याची जमात खोटी ठरत नाही. उलट बाजूही वकिलाला ठाऊक हवी. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा गेल्याची तक्रार जुनी आहे आणि ती निराधार नाही. पुण्यातली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या सगळ्या वादांच्या केंद्राशी राहिली आहे.

वनहक्काचा दावा याहून वेगळा. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीचा दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे आणि ग्रामसभेकडे जातो, मग उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे. एखादाच विशिष्ट कागद आणा, असा आग्रह समितीला धरता येत नाही; गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा पुरावा असतो. उपग्रहाचे चित्र पूरक आहे, बाकी पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही. दावे फेटाळले जातात ते बहुधा हे नियम माहीत नसल्यामुळे, आणि त्याविरुद्ध अपिलाला साठ दिवसांची मुदत असते. वकील इथे उपयोगी पडतो तो ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा, नकाशा आणि जबाब वेळेत तयार करून देण्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो गावाने स्वतः केलेल्या अशा तयारीच्या जोरावर. पुणे जिल्ह्यात आणखी एक बारकावा आहे. आंबेगाव आणि जुन्नरमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू होतो. भोर-वेल्ह्यातल्या आदिवासींना तो आधार नाही. तिथल्या पक्षकाराला पेसाचे कलम ऐकवणारा वकील त्याची तारीख फुकट घालवतो.

कुटुंब आणि जमात हे दोन विषय एकत्र येतात तिथे फारच थोडे वकील पोचतात. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, दोन्हींच्या कलम २(२) प्रमाणे, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. त्यामुळे महादेव कोळी किंवा गोंड बाईच्या काडीमोडीत आणि वारसाहक्कात जमातीची रूढी पाहावी लागते, आणि ती रूढी दाव्यात मांडून पुराव्याने सिद्ध करावी लागते. संथाळ जमातीतल्या दुसऱ्या लग्नाच्या २००१ मधल्या प्रकरणात बायको हरली ती इथेच: दुसरे लग्न अवैध ठरवणारी रूढी तिला दाखवता आली नाही. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात मात्र १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिद्ध करण्याचा भार फिरवला. मुलींना वाटा नाकारणारी रूढी दाखवता आली नाही, तर समानतेच्या न्यायाने त्यांना वाटा मिळतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आणि पोटगीची फौजदारी तरतूद (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) जमात पाहत नाहीत. म्हणून पाड्यावरच्या बाईसाठी पहिला अर्ज तिथेच टाकणे शहाणपणाचे असते. वनहक्काचा पट्टाही कायद्याने नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने द्यावा लागतो. संसार मोडला तर तिच्या बाजूचा तो सर्वांत भक्कम कागद.

दोन्ही क्षेत्रे एकाच आयुष्यात सांभाळणाऱ्यांत वसुधा धागमवार (१९४०–२०१४) यांचे नाव आधी घ्यावे लागते. सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुवा भागात त्यांनी आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर काम केले, पुढे दिल्लीत कायदेशिक्षणासाठी ‘मार्ग’ ही संस्था उभी केली, आणि समान नागरी कायद्यावर तसेच आदिवासींच्या कायद्याच्या अनुभवावर ग्रंथ लिहिले. त्यांचे सर्वांत परिणामकारक काम मात्र कुठल्या वकीलपत्रावर झाले नाही. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. ती तिथे आली होती घरच्या भांडणातून. भावाने तिच्याबाबत तक्रार दिली होती. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिचा विरोध नव्हता अशा धाटणीच्या तर्काने, पुन्हा सोडले. सप्टेंबर १९७९ मध्ये धागमवार, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकाल बदलला नाही, पण देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतल्या अत्याचाराला वेगळी, कडक शिक्षा आली. अशा खटल्यात बाईने संमती नव्हती असे सांगितले की न्यायालयाने ते गृहीत धरायचे, असे ११४-अ कलम पुरावा कायद्यात घातले गेले.

या वाटेला येणाऱ्याला वेगळी पदवी लागत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा. पुण्यात १९२४ पासून चालणारे आयएलएस विधी महाविद्यालय आहे. उत्पन्नाची गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी: कातकरी पक्षकार फी देऊ शकत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्या वकिलाचा मोबदला विधी सेवा प्राधिकरण देते. ही रक्कम खासगी फीपेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे या क्षेत्रातले बहुतेक वकील शहरातल्या घटस्फोटाच्या आणि मिळकतीच्या दाव्यांवर घर चालवतात, आणि पाड्याची कामे प्राधिकरणाच्या पॅनेलवरून किंवा एखाद्या संघटनेसोबत करतात.